कवठापूरच्या पेठेचं माप

साठ फुटी रस्ता पाहायला कुणी मुद्दाम प्रवासाला जात नाही. मी तर साठ फुटी नसलेला रस्ता साठ फुटी करायला निघालो होतो. पिशवीत चिवड्याचा डबा ठेवताना बायकोनं विचारलं, "तिथल्या लोकांना हवाय का पण?" मी म्हटलं, "लोकांना काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पाच दिवसांत ते मला पाणी न पिता गिळावं लागलं.

विदर्भ आमच्या मुंबई राज्यात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नगररचनेच्या कचेरीत बसून आम्ही पुण्याच्या पेठांवर रेघा ओढत असू. आता वर्धा जिल्ह्यातले अर्जही आमच्या टेबलावर येऊ लागले. त्यातला एक कवठापूरच्या कमेटीचा होता. तिकडं नगरपालिकेला कमेटी म्हणतात. पेठेचा रस्ता अरुंद आहे, कापसाच्या लॉऱ्या जिनापर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापर्यंत, पोचत नाहीत, तरी साठ फुटांचा रस्ता आखून द्यावा, असा तो अर्ज. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी नकाशाच्या गुंडाळीकडं पाहिलं आणि प्रवास ठरला.

वर्ध्याला गाडी सोडून मोटारीनं सेलू गाठलं. पुढं कमेटीचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी दमणी पाठवली होती. दमणी म्हणजे दोन माणसांची हलकी बैलगाडी. पावसाळा सरत आलेला, दोन्हीकडं गुडघाभर कपाशी, तिकडच्या बोलीत पऱ्हाटी, आणि खाली ती काळी माती. ती चाकाला अशी चिकटते की गाडीवानाला दर थोड्या अंतरावर उतरून काठीनं खरवडावी लागते. आमच्याकडचा चिखल नुसता लागतो, इथला सोबत येतो. माझे बूट कवठापुरात पोचले तेव्हा त्यांचं वजन माझ्या पिशवीपेक्षा जास्त भरलं असतं.

आवतणाचा दिवस

भाऊसाहेब साठीचे, अंगानं भरलेले, बोलायला मोकळे. तो जिन त्यांचाच, आणि पेठेत आडतीचं दुकान. जिनमधल्या पाहुण्यांच्या खोलीत मला उतरवून त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली. "साहेब, वर्ध्याले मोठा रस्ता हाये, नागपूरले हाये. आमी काऊन मागं राहाव? तुमी फक्त रेघ ओढून द्या." त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता. आपल्या गावाला कुणी खेडं म्हणू नये एवढंच त्या माणसाला वाटत होतं. मला ते पहिल्याच दिवशी आवडले आणि अजून आवडतात.

सकाळी भाकरी, वांग्याची भाजी आणि वर तेलाचा लाल तवंग असा नाश्ता झाला. तो तवंग खाऊन डोळ्यांतून आलेलं पाणी मी घाम म्हणून खपवलं. मग कमेटीचे शिपाई मारोतराव यांना घेऊन पेठेत उतरलो. मारोतराव पन्नाशीचे, मिशाळ, आणि टेपचं दुसरं टोक धरण्याचं काम त्यांना अंगाला हळद लागल्यासारखं मानाचं वाटत होतं.

पेठ कशी होती ते सांगतो. मारुतीच्या देवळापासून वेशीतल्या निंबापर्यंत एकच रस्ता, मधे किंचित वळलेला. रुंदी जेमतेम बावीस फूट. दोन्हीकडं एकमजली-दुमजली दुकानं, वर राहती घरं, आणि प्रत्येक दुकानापुढं हात-दोन हात उंचीचा ओटा. मधे चार निंब, तेही रस्त्यातच. आणि माणूस औषधाला नाही! अर्धी दुकानं बंद. मी वहीत लिहिलं: "रहदारी नगण्य. ओटे व झाडे ही अडचण. रुंदीकरणास हरकत दिसत नाही." मारोतरावांनी गेरूचा डबा काढला आणि माझ्या मापाप्रमाणं दोन्हीकडच्या भिंतींवर खुणा करत गेले.

दुपारी बाराच्या सुमारास, टेपचं टोक एका ओट्याच्या पायथ्याला लावायला मी उकिडवा बसलो आणि चर्र असा आवाज झाला. पँट नवीन होती. पुण्यातल्या नावाजलेल्या शिंप्यानं शिवलेली, घोट्यापाशी निमुळती, इस्त्रीची धार सुरीसारखी. ती मागून, मधोमध, वीतभर उसवली नाही, फाटली.

"मारोतराव," मी उठलो नाही, "शिंपी आहे का जवळ?"

"हाये ना जी. समोरच. सुखदेव." आणि मिशीआड हसू दाबत त्यांनी नकाशाची गुंडाळी माझ्या पाठीमागं धरली. तशा मिरवणुकीनं आम्ही रस्ता ओलांडला.

दोन मोठ्या दुकानांच्या मधे एक चिंचोळी जागा होती. एक शिलाई मशीन, एक फळी, मागं भिंत, की संपलं दुकान. पुढं मात्र स्वच्छ सारवलेला ओटा. सुखदेवराव चाळिशीचे, सडपातळ, कानावर पेन्सिल. त्यांनी काही विचारलं नाही. एक पंचा माझ्या हातात दिला, पडदा ओढला, आणि पँट हातात आल्यावर शिवण उलटून पाहिली.

"उभं राहून माप देल्लं असन तुमी," ते म्हणाले.

"मग कसं देतात?"

"उभ्या मानसाचं माप घेऊन काय फायदा जी? मानूस दिवसभर उभा राह्यते का? बसते, वाकते, सायकलीवर चढते. मी तं गिऱ्हाइकाले पहिले उकिडवं बसवतो, मंग टेप लावतो."

मी पंचा नेसून ओट्यावर बसलो आणि मारोतराव गेरू घेऊन या बाजूच्या खुणा करायला लागले. सरकारी अधिकारी, पुण्याचा, पंचावर, भर पेठेत! पण तासभर तिथून हलता येईना, म्हणून मला ती पेठ बसून पाहावी लागली. सूर्य डोक्यावर असूनही ओट्यावर सावली होती, कारण समोरचं घर जवळ होतं आणि निंबाची फांदी वरून आलेली. वाऱ्याची झुळूक बोळातून आल्यासारखी अंगाला लागत होती. समोरच्या दुकानातला म्हातारा आवाज न चढवता आमच्याशी बोलत होता. "का जी साहेब, फाटला काय?" अख्ख्या पेठेला कळलं होतं. आमच्याकडं दुकानदार गिऱ्हाइकाला "काय पाहिजे?" विचारतो, आणि तेही विचारलं तर. इथं जो तो आधी म्हणत होता, "बसा ना जी."

"पण गावात माणसं कुठं आहेत?" मी विचारलं.

सुखदेवरावांनी मशीन थांबवलं. "आज आवतनाचा दिवस हाये साहेब. उद्या पोळा. सारे नदीवर गेले बैल धुवाले."

म्हणजे मी वर्षातला एकमेव रिकामा दिवस गाठून रहदारी मोजली होती. हे मारोतरावांना सकाळपासून ठाऊक होतं. विचारलं तर म्हणाले, "तुमी विचारलंच नाई." संध्याकाळी मी तो सोहळा पाहिला: बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून शेकतात आणि त्यांच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जेवणाचं आमंत्रण बैलाला! आमच्या गल्लीत माणसांना सुद्धा 'बसा, चहा घेणारच नसाल' अशा चालीवर मिळतं.

पण ते नंतर. तासाभरात पँट तयार झाली. आत लाल फुलांच्या छिटाचं ठिगळ लावलेलं, बाहेरून टाका दिसत नव्हता. मशीनखाली त्याच छिटाच्या चिंध्यांची टोपली होती, आणि त्यातून शिवलेले तळहाताएवढे चौकोनी तुकडे, कडेला गोंडे लावलेले.

"हे कशाला?"

"झुली हायेत. परवा तान्हा पोळा. लेकरं लाकडाचे बैल घेऊन पेठेत येते. दर ओट्यावर त्यायले काही ना काही भेटते. माह्या ओट्याचं हे पहिलंच वर्ष. म्हटलं, बैलाले झूल देऊ." मग थोडं थांबून म्हणाले, "येतीन का नाई, थे मात्र मालूम नाई."

त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी शांता मागं बसून गोंडे बांधत होती. तिनं बापाकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. तेव्हा मला काही कळलं नाही. मी उठलो, तसं त्यांनी भिंतीकडं बोट केलं.

"साहेब, ही खून कशाची?"

दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या घरांत माझी गेरूची खूण पुढच्या खोलीत पडली होती. त्यांची घरं मागं परसापर्यंत लांबच लांब, ते मागं सरकणार होते. सुखदेवरावांच्या दुकानात ती खूण मागच्या भिंतीवर होती. माझ्या रेघेच्या मागं त्यांचं काहीच उरत नव्हतं.

मी सांगितलं. शिवून दिलेली पँट अंगात असताना सांगितलं, याची लाज अजून वाटते.

ते ओट्यावर बसले. आवाज चढवला नाही. "माहा बाप ह्याच पेठेत बाजाराले येत जाय. ओट्याखाली उभा राहे. धोतराचा सोगा पसरे, अन् दुकानदार वरून सामान टाके. ओट्याले हात लागू देत नव्हते. मागच्या सालले मी नागपूरले दीक्षेले गेलतो. आलो, अन् पहिलं काम हे केलं: मिलमधली नोकरी सोडली, ही जागा घेतली, ओटा बांधला. दुकान मले दुसरीकडं बी भेटन साहेब. पेठेतला ओटा नाई भेटनार."

मी नुसतं "पाहू" म्हणालो. सरकारी माणसाचा हा शब्द किती पोकळ असतो हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं.

पोळा

दुसऱ्या दिवशी मी टेप खोलीतच ठेवला. गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली बैलांच्या रांगा, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. भाऊसाहेबांच्या घरी पुरणपोळी होती, आणि तुपाची धार थांबवायला हात आडवा केला तर तूप हातावर ओततात, असा अनुभव आला. मी चार पोळ्या खाल्ल्या आणि त्यांच्या सुनेनं विचारलं, "साहेबाले पसंत नाई का पडली?"

जेवून पेठेत निघालो तर मारोतराव भेटले. "चला, आता मोजा," म्हणाले. खेड्याखेड्यांतून माणसं आली होती. बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सगळ्या वेशीतल्या निंबाखाली सोडलेल्या, कारण सणाच्या आणि बाजाराच्या दिवशी पेठेत चाक आणायचं नाही असा गावाचा जुना शिरस्ता. भाऊसाहेब स्वतः निंबापासून चालत आले. मी वहीत माणसं मोजायला लागलो, पण मोजताच येईनात, कारण कुणी सरळ चालतच नव्हतं. चार पावलं जायचं, ओट्यावर टेकायचं, समोरच्याला हाक मारायची, रस्ता ओलांडायचा, पुन्हा टेकायचं. आमच्या पुस्तकांत रस्ता म्हणजे इकडून तिकडं जायची नळी. इथं तो बसायची, भेटायची, भांडण मिटवायची जागा होता आणि त्यातून जाताही येत होतं.

मला पुण्यातले दोन म्हातारे आठवले. समोरासमोरची दुकानं, एक अत्तरवाला, एक भांडीवाला. दिवसभर दोघं बसल्या जागेवरून बोलायचे. मी त्यांचा रस्ता रुंद केला. परवा गेलो तेव्हा अत्तरवाला पलीकडं बघून नुसता हात हलवत होता. पलीकडून उत्तर आलं की नाही ते मोटारींमुळं दिसलं नाही.

तान्हा पोळा

ही गोष्ट आमच्याकडं नाही, म्हणून ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल, कुणाचा मुठीएवढा, कुणाचा खुद्द मालकापेक्षा उंच. मुलं नवे कपडे घालून ते ओढत देवळापासून निघतात आणि ओट्याओट्यांवर थांबतात. कुठं बत्तासे, कुठं पेढा, कुठं पेन्सिल मिळते.

मी समोरच्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसलो होतो. पलीकडं सुखदेवरावांनी ओट्यावर पांढरं कापड अंथरून झुली मांडल्या होत्या. शांताचा छोटा बैल पहिली झूल घालून मधोमध उभा. त्याच्या कपाळाला गुलाल नव्हता. सकाळी मी त्याबद्दल विचारलं तेव्हा सुखदेवराव म्हणाले होते, "देव सोडले साहेब. बैल नाई सोडला."

रांग आली. पहिली पाच-सहा मुलं त्या ओट्यापाशी आली आणि पुढं गेली. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. घरून काय सांगून पाठवलं असेल ते मात्र त्यांच्या चालण्यात दिसत होतं. आणखी चार गेली. शांतानं एक झूल उचलली होती, ती तिनं परत ठेवली. सुखदेवराव मशीनचं चाक उगाच फडक्यानं पुसत होते. साठ झुली होत्या हो, गोंड्यांसकट!

मग भाऊसाहेबांच्या नातवाचा बैल आला. गावातला सर्वांत मोठा बैल तोच, ओढायला तिघं जण. आणि त्या बावीस फुटी रस्त्यात, नेमका सुखदेवरावांच्या ओट्यापुढं, त्याचं चाक चाकोरीत रुतलं. तिघांनी ओढलं, हललं नाही. मागची सगळी रांग तुंबली. पलीकडून वळून जावं तर बघ्यांमुळं जागाच नव्हती. चाळीसएक मुलं आणि तेवढे बैल त्या एका ओट्याला खेटून उभे राहिले, आणि उभं राहिल्यावर करणार काय? बघायला लागली. लाल फुलं, निळे गोंडे.

"माह्या बैलाले भेटन का?" नातवानं विचारलं.

समोरच्या माडीवरून एक बाई ओरडली, "ए, इकडं..." आणि पुढचं बोललीच नाही. शांता ओट्यावरून उतरली, त्या मोठ्या बैलाच्या पाठीवर तिनं झूल टाकली. ती त्याला रुमालाएवढीही झाली नाही, त्यावर पोरं हसली, शांताही हसली. मग सगळे हात एकदम पुढं आले. सुखदेवराव देतायत, देतायत, आणि त्यांचे डोळे भरून वाहतायत. माझेही वाहत होते, आणि त्या दिवशी तवंगाचं कारण नव्हतं. पुढं दिवसभर गावातल्या प्रत्येक बैलाच्या पाठीवर माझ्या पँटीच्या ठिगळाचं छीट हिंडत होतं, हे फक्त आम्हा दोघांनाच माहीत.

कमेटीत

शेवटच्या दिवशी कमेटी बसली. मी नकाशा उलगडला. पेठेवर मी एकही रेघ काढली नव्हती. लॉऱ्यांचा रस्ता गावामागून, नाल्याकाठच्या पांधणीनं, म्हणजे शेतावर जायच्या गाडवाटेनं, थेट जिनापर्यंत दाखवला होता.

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "म्हंजे पुन्याले मोठा रस्ता, अन् आमाले पांधन?"

"मोठा रस्ता तुम्हालाही आहे भाऊसाहेब, फक्त लॉऱ्यांसाठी मागून. पांधणीत गिट्टी टाकली की वर्षभर चालेल. माणसांसाठी ही पेठ राहू द्या. असली पेठ मला पुण्यात परत करून दाखवता येणार नाही. मी पहिल्या दिवशी उभ्यानं माप घेतलं, ते चुकलं."

"लोक म्हनतीन, साहेबानं सुखदेवसाठी रेघ हटवली."

खोटं बोलणं शक्य होतं. मी म्हटलं, "पहिल्यांदा त्यांच्यासाठीच हटवली. मग तुमच्या नातवाचा बैल रुतलेला पाहिला आणि सगळ्यांसाठी हटवली."

मग भाऊसाहेब म्हणाले, "कागद मंजुरीले नागपूरच्या कचेरीत जाईन. तिथं काय होते थे पाहू." हा 'पाहू' माझ्या 'पाहू'पेक्षा बरा की वाईट, ते मला त्यांच्या तोंडाकडं पाहून कळलं नाही.

निघण्याआधी सुखदेवरावांकडं गेलो. राखी कापड घेतलं होतं, एक पँट शिवायला दिली. त्यांनी मला उकिडवं बसवलं, मांडी घालायला लावली, वेशीपर्यंत चालून यायला सांगितलं, आणि मग टेप लावला. आकडे वहीत उतरले, आगाऊ काही घेतलं नाही.

"कापड ठेवून जा साहेब. ओटा राह्यला तं पँट येईन पुन्याले. नाई राह्यला, तं मानसासंगं कापड वापस येईन. समजून घेजा."

पुणे

कागद नागपूरला गेले ते माझ्या हातातून सुटलेच. दोनदा लिहिलं, उत्तर नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. दारात कुणी अनोळखी माणूस उभा दिसला की माझं लक्ष आधी त्याच्या हातांकडं जाई. बायको म्हणाली, "एका पँटीची एवढी वाट?" मी तिला सगळं सांगितलं. त्यानंतर तीही पोस्टमनला विचारू लागली.

संक्रांतीच्या आधी कचेरीत पुडकं आलं. पोस्टानं. वरचा पत्ता मोठ्या, गोल, शाळकरी अक्षरात. आत राखी पँट होती आणि तिच्या खिशात लाल फुलांची झूल, निळ्या गोंड्यांची. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

मी मागच्या खोलीत जाऊन पँट चढवली, बाहेर आलो, आणि सगळ्यांच्या देखत, टेबलांच्या मधे, खाली उकिडवा बसलो. चर्र झालं नाही. मग मांडी घालून बसलो आणि बसूनच राहिलो.

हेडक्लार्क धावत आले. "साहेब, काय हरवलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "ओटा राहिला."